परक्या मुलखात शिकलेली मूठ

अंबरनाथ तालुक्यातील जांभूळ हे गाव पंचक्रोशीबाहेरच्या लोकांना ठाऊक असते ते औद्योगिक विकास महामंडळाच्या जलशुद्धीकरण केंद्रामुळे. परंतु येथून बदलापूर, अंबरनाथ वा उल्हासनगर यांपैकी कोणत्याही दिशेस निघाले, तरी विजेच्या खांबांवर आणि शाळांच्या कुंपणांवर जी पाटी हटकून दृष्टीस पडते ती कराटेच्या वर्गाची असते. असल्या एखाद्या वर्गात रविवारी सकाळी डोकावावे. पांढऱ्या गणवेशातील मुले कमरेचे पिवळे-हिरवे पट्टे आवळून रांगेत उभी असतात आणि प्रत्येक ठोशागणिक जे आकडे मोजतात, ते कुठे 'इची, नी, सान' असे जपानी असतात, तर कुठे 'हाना, दुल, सेत' असे कोरियन. भिंतीशी बसलेल्या पालकांच्या लेखी दोन्ही कराटेच. शास्त्रार्थ पाहू गेल्यास ही समजूत सदोष आहे, कारण कोरियन आकडे मोजणारा वर्ग तायक्वांदोचा असतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती सत्याच्या पुष्कळच जवळ जाते.

कोरिया १९१० साली जपानी अंमलाखाली गेला आणि १५ ऑगस्ट १९४५ पर्यंत तसाच राहिला. या पस्तीस वर्षांत कोरियन माणसाची अवस्था काय होती, हे एका उदाहरणावरून कळेल. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ जगाला दाखविले, हे आपण साभिमान सांगतो. त्याच मेळाव्यात मॅरेथॉन जिंकणारा सोन की-जोंग हा कोरियन तरुण मात्र जपानी नाव लावून आणि जपानी निशाण छातीवर घेऊन धावला, आणि विजयमंचावर उभा असता हातातल्या रोपट्याने त्याने ते निशाण झाकून घेतले. होतकरू मुलांना उच्च शिक्षणासाठी राज्यकर्त्यांच्याच देशी जावे लागे, आणि तेथील विद्यापीठांतून ओकिनावाच्या गिचिन फुनाकोशींनी १९२२ पासून रुजविलेले कराटे त्यांच्या हाती लागले. ली वोन-गुक हे तोक्योला ते शिकले आणि १९४४ साली, म्हणजे जपानी अंमल चालू असतानाच, त्यांनी सेऊलमध्ये आपली शाळा काढली. अशीच शाळा काढणाऱ्या ह्वांग की यांची गोष्ट आपल्या लोकलच्या पट्ट्यातील वाचकांना जवळची वाटावी: ते रेल्वे खात्यात चाकरीला होते आणि त्यांची तालीमही आरंभी रेल्वेच्याच आश्रयाने भरत असे.

या सर्वांत अधिक वादग्रस्त आणि माझ्या मते अधिक चित्तवेधक पुरुष म्हणजे छोई होंग-ही. १९१८ साली आज उत्तर कोरियात असलेल्या मुलखात जन्मलेले छोई क्योतोला शिकावयास गेले, तेथे कराटे शिकले, पुढे जपानी फौजेत सक्तीने भरती झाले आणि पलायनाच्या कटाबद्दल प्याँगयांगच्या तुरुंगात पडले. त्या कोठडीतही आपण सराव चालूच ठेवला, असे त्यांचे कथन आहे. स्वातंत्र्यानंतर ते नव्या कोरियन सैन्यात अधिकारी झाले. १९५३ साली कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात भारतीय पथकाचे प्रमुख म्हणून कोरियन युद्धातील कैद्यांच्या बंदोबस्तासाठी कोरियात उतरले, तेव्हा दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्यास साफ नकार दिल्यामुळे आपल्या जवानांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात न्यावे लागले. त्याच वर्षी दक्षिणेस जेजू बेटावर छोई नवी पलटण उभारीत होते आणि शिपायांच्या रोजच्या कवायतीत ठोसे आणि लाथा यांचा समावेश करीत होते. पुढे याच री यांच्यासमोर छोईंचे सहकारी नाम ते-ही यांनी एका ठोशात तेरा कौले फोडून दाखविली, असे सांगतात. पावसाळ्यापूर्वी ज्याने घराची कौले परतली आहेत, त्याला या आकड्याचे वजन निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

११ एप्रिल १९५५ रोजी या विद्येसाठी 'तायक्वांदो' हे नाव मुक्रर झाले. छोईंनी पुढे जे चोवीस आकृतिबंध, म्हणजे हालचालींच्या ठरावीक मालिका, बसविले त्यांतील पुष्कळ हालचाली फुनाकोशींच्या कराटेतून आल्या आहेत, हे जाणता माणूस पाहताक्षणी ओळखतो. प्रचलित गौरवकथा मात्र ही विद्या दोन हजार वर्षांची असल्याचे सांगतात, आणि असल्या दाव्यांची आपल्याकडेही वाण नाही. परंतु छोईंची खरी करामत त्या आकृतिबंधांच्या नावांत आहे. त्यांतील एक आन जुंग-गुन यांच्या नावाचा. हे ते देशभक्त, ज्यांनी १९०९ साली जपानचे मुत्सद्दी इतो हिरोबुमी यांना गोळी घातली आणि पुढल्या वर्षी फाशी पत्करली. त्यांच्या वयाची स्मृती म्हणून या आकृतिबंधात बरोबर ३२ हालचाली आहेत. इंग्रजांकडून शिकलेल्या एखाद्या कवायतीला चापेकर बंधूंचे नाव द्यावे, तसलाच हा प्रकार. आणि छोईंच्या परंपरेतील वर्गात जाणारा एखादा मुलगा हा इतिहास न जाणताच त्या ३२ हालचाली घोकून पाठ करतो.

आपल्याच सरकारशी बिनसल्यामुळे १९७२ साली छोई कॅनडात गेले. पुढल्या वर्षी दक्षिण कोरियात किम उन-योंग यांच्या अध्यक्षतेखाली निराळा जागतिक महासंघ स्थापन झाला, आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पदकाचा मान मिळाला तो या दुसऱ्या शाखेला. छोईंनी १९८० साली आपले पथक उत्तर कोरियात नेले, ही गोष्ट दक्षिणेत सहजासहजी पचणारी नव्हती; २००२ साली त्यांचा अंत झाला तोही प्याँगयांगमध्येच.

छोई होंग-ही यांच्या नेमका उलट मार्ग छोई योंग-उई यांनी धरला. या नावाने त्यांना जग ओळखत नाही. ओळखते ते मासुतात्सु ओयामा या जपानी नावाने. दक्षिण कोरियातील गिम्जे येथे १९२३ साली जन्मलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी वैमानिक होण्याच्या आशेने जपानला गेला आणि तेथलाच झाला. फुनाकोशींच्या शाळेनंतर त्यांना सो नेई-चू हे जे गुरू लाभले तेही कोरियनच होते, आणि डोंगरात एकांतवास करून साधना करावी, हा उपदेश त्यांचाच. ओयामांनी बैलांशी झुंजी घेतल्या त्यांची संख्या ५२ सांगितली जाते. पोवाड्यातील आकडे ज्या सावधपणे घ्यावेत त्याच सावधपणे हा आकडा घ्यावा, तथापि झुंज चित्रपटफितीवर आहे, त्यामुळे ती सर्वस्वी कल्पित म्हणता येत नाही. १९६४ साली त्यांनी क्योकुशिन संघटना स्थापिली. ठोसा वा लाथ शरीराला न भिडविता आवरावयाची, ही त्या काळच्या सामन्यांची रीत त्यांनी झुगारली. हातमोजे नाहीत, चिलखत नाही, चेहऱ्यावर ठोसा तेवढा वर्ज्य, बाकी सारा प्रहार पुरता, असा त्यांचा दंडक. एकामागून एक शंभर प्रतिस्पर्ध्यांशी झुंजण्याची कसोटीही त्यांचीच.

ज्या माणसाच्या नावे जपानमधील सर्वांत कठोर कराटे ओळखले जाते तो जन्माने कोरियन होता, याचे नवल करण्याचे कारण मला दिसत नाही; परक्याच्या घरी ज्याला आपली पात्रता रोज नव्याने सिद्ध करावी लागते, तो आवरता ठोसा कशाला पसंत करील? एप्रिल १९९४ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाने ओयामांचे निधन झाले आणि मृत्युपत्रावरून वाद कचेरीत गेला. कुटुंबीयांनी ते नाकारले, शिष्य विभागले आणि संघटनेची शकले झाली. मृत्युपत्रात वारस म्हणून ज्यांचे नाव होते ते मात्सुई शोकेई, १९८६ साली शंभर झुंजींची कसोटी पार केलेले, तोक्योत जन्मलेले, तेही कोरियन वंशाचेच.