कोळशाच्या भट्टीचा दिवस

पहाटे ४.३० : अंजनगावात कितीही थंडी असो, आधी हॉटेलाची दारं-खिडक्या उघडायच्या. मग जाळीखालची राख ओढून पत्र्याच्या डब्यात भरायची आणि डबा अंगणात ठेवायचा. आमची जुनी भट्टी लाकडाची. लाकूड राखेवरही जळतं, तोंडातून शिरलेली हवा त्याला पुरते. दगडी कोळशाला मात्र खालून हवा लागते. म्हणून लोहाराकडून जाड गजांची जाळी करून घेतली. कोळशाची आच बुडाशी एकवटते, म्हणून आतून फायरब्रिक लावल्या.

५.०० : आधी पऱ्हाट्या-तुराट्या, मग बाभळीची फाटी. पेटता कागद धुराड्याच्या वाटेशी धरायचा. ज्योत आत ओढली गेली, तरच कोळसा घालायचा. रॉकेल कधीच नाही.

५.३० : वणीकडचा कोळसा मुठीएवढा फोडलेला, भुकटी वेगळी काढलेली. तो एका बाजूनं थोडाथोडा टाकतो, दुसरीकडे ज्वाळ राखतो. नव्या कोळशातून सुटणारा वायू त्या ज्वाळेवर जळतो. सगळं एकदम झाकलं, तर तो साचून भडका उडतो.

७.०० : पोहे, तर्री, चहा. निखाऱ्यांवर निळसर ज्वाळा नाचतात. तो कार्बन मोनॉक्साइड जळत असतो. हवा कमी पडली की तोच न जळता बाहेर पडतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो.

११.०० : या कोळशात राख फार. सळईनं खालून झाडायचं. राख जाळीला भिडली, की हवा अडते आणि गज तापून वाकतात. दुधाच्या पिशव्या भट्टीत टाकायच्या नाहीत, हे पोरांना रोज सांगतो.

३.०० : आलूबोंड्यांची कढई. कुणाचं डोकं जड झालं, मळमळलं, तर काम सोडून आधी मोकळ्या हवेत जायचं.

रात्री ९.०० : नवा कोळसा बंद. पाणी ओतत नाही, विटा तडकतात. धुराड्याची झडपही लावत नाही. निखारे विझेपर्यंत वायू निघतच असतो.

९.३० : "थंडी लय हाय जी. घमेल्यात इस्तो नेऊ का आतमंदी?" पोरगं विचारतं.

"नाही बाप्पा. दुसरं घोंगडं घे."

बंद खोलीत निखारे घेऊन झोपलेली माणसं दरवर्षी थंडीत दगावतात. खोलीत धूर दिसत नाही, म्हणून त्यांना भीतीही वाटत नाही. म्हणून या बाबतीत पोराचा हट्ट मी चालू देत नाही. घोंगडं मी स्वतः काढून देतो.