एक भिंत, दोन फड

कोल्हापुरात नाटक आणि कुस्ती एकाच भिंतीच्या दोन अंगांना नांदली. एका अंगाला पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. दुसऱ्या अंगाला खासबाग मैदान. शिवाजी पेठेतल्या तालमीच्या गड्याला दोन्ही घरचीच.

दोन्हीमागे डोकं राजर्षी शाहू महाराजांचं. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी १९०२ मध्ये महाराज विलायतेला गेले, त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. खासबागेचा घाट तसाच आहे. मधे हौदा आणि भोवती चढत गेलेली गोल बैठक. कुठंही बसा, डाव दिसणारच. मैदान १९१२ मध्ये खुलं झालं. लगोलग १९१३ मध्ये शेजारी नाट्यगृहाचं काम निघालं आणि १९१५ मध्ये ते पुरं झालं. प्रेक्षागृहात मधे खांब येऊ दिला नाही. बघणाऱ्याच्या आड काही येता कामा नये, हा हट्ट इथंही तोच. शिवाय वास्तूच्या पाठीला मैदानाकडे तोंड करून आणखी एक खुला रंगमंच! दगडी दर्शनी भागाचे फोटो सगळेच काढतात. माझ्या लेखी खरी करामत या मागच्या बाजूला आहे.

तो काळ माईकचा नव्हता. ऑर्गन-तबल्याच्या साथीत पद म्हणायचं आणि ते शेवटच्या रांगेतल्या, पैसे मोजून आलेल्या माणसापर्यंत पोचवायचं. गायक-नट केशवराव भोसल्यांचा आवाज त्यासाठीच घडला होता: चढा, धारदार, तानेला दमदार. जन्म कोल्हापूरचा, १८९०चा. पोरवयात ‘शारदा’तल्या नायिकेच्या भूमिकेनं नाव झालं आणि १९०८ मध्ये हुबळीला त्यांनी ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली. ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, त्यात ते धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या नाटकाच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, म्हणजे तेही कोल्हापूरचेच. पडदे रंगवण्यात नाव काढलेले बाबूराव पेंटर याच गावचे. नाटकाला लागणारं सगळं सामान गावात तयार होत होतं म्हणायचं. पण त्या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं ३१. पुढे थिएटरला त्यांचं नाव दिलं गेलं.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर, रंगमंच, खुर्च्या जळाल्या. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. कलावंतांची मागणी एकच होती, होतं तसंच बांधा.

‘तसंच’ म्हणजे नुसता दर्शनी भाग नव्हे. खुर्च्या नि वातानुकूलन कुणीही बसवून देईल. नव्या रंगमंचावर पहिलं संगीत नाटक लागेल तेव्हा एक पद माईक बंद ठेवून म्हणावं, आणि शेवटच्या रांगेतला जुना रसिक काय म्हणतोय ते कंत्राटदारानं शेजारी बसून ऐकावं. मग बिलाचं बोलू.