डोंबिवलीस जावें कीं न जावें ?

गिरगांवांतील आमच्या चाळीच्या पुनर्बांधणीचा करार होण्याची वेळ आली आणि गेलीं कित्येक वर्षें जो प्रश्न आमच्या घरांत हलक्या आवाजांत बोलला जात होता तो उघड उभा राहिला. नव्या इमारतींतील घराची वाट पहावयाची, कीं पागडीचा हक्क दुसऱ्यास देऊन येईल त्या रकमेंत डोंबिवलीस घर करावयाचें ? असा प्रश्न आज अनेक कुटुंबांपुढें असल्यामुळें, आम्हीं तो कसा सोडविला हें वाचकांस सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. आमचाच निर्णय सर्वांनीं घ्यावा असें आमचें म्हणणें नाहीं; मात्र निर्णय घेतांना जी चूक आमच्या हातून होत होती ती दुसऱ्यांच्या हातून होऊं नये, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें कुटुंब नऊ माणसांचें. आम्ही उभयतां, ज्येष्ठ बंधु निवर्तल्यापासून घरच्या वडीलधाऱ्या असलेल्या आमच्या वहिनी, दोन मुलगे, दोन सुना आणि दोन नातवंडें. खोल्या दोन. थोरल्या मुलाची नोकरी फोर्टांत, धाकट्याची ठाण्यास. सन १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानें पागडीच्या व्यवहारास मान्यता दिली असल्यामुळें, घरमालकाच्या संमतीनें व त्याचा वांटा देऊन भाडेकरूस आपला हक्क दुसऱ्याच्या नांवें करून देतां येतो. नव्या इमारतींत आम्हांस मिळणारें घर एकच. त्यांत दोन तरुण संसार फार दिवस मावणार नाहींत हें दिसत होतें. उलट डोंबिवलीस हक्काच्या रकमेंत एका मजल्यावर जोडून दोन घरें येत होतीं. म्हणजे गिरगांवांत राहावें तर कुटुंब फुटावयाचें आणि गिरगांव सोडावें तर कुटुंब टिकावयाचें, असा हा विचित्र पेंच होता.

हा पेंच आमच्यापुरता किंवा आजच्यापुरता नाहीं. मुंबईंत सन १८९६ मध्यें प्लेगची सांथ आली. दाट वस्तीचे दुष्परिणाम तिनें सर्वांस दाखविले आणि सन १८९८ मध्यें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. त्या ट्रस्टनें दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते आंखून नव्या वसाहती वसविल्या, तेव्हां गिरगांवांतील कित्येकांनीं आपलीं बिऱ्हाडें तिकडे हलविलीं. पार्ल्याकडेहि अशींच कुटुंबें गेलीं. तेथें सन १९२१ मध्यें पार्ले टिळक विद्यालय निघालें व सन १९२३ मध्यें लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. घरांबरोबर संस्थाहि उभ्या राहिल्या, म्हणून त्या उपनगरास गांवाचें रूप आलें. पुढें पार्लेंहि आवांक्याबाहेर गेलें आणि मध्यमवर्ग मुलुंड, ठाणें करीत करीत डोंबिवलीस पोंचला. बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं सुटली व पुढच्याच वर्षीं रूळ कल्याणपर्यंत गेले. त्याच रुळांच्या कडेनें आजची डोंबिवली वाढली आहे.

आम्हांस स्वतःस गिरगांव सोडवत नव्हतें, हें प्रांजलपणें सांगितलें पाहिजे. सन १८९३ पासून चालत आलेला केशवजी नाईकांच्या चाळींतील गणेशोत्सव, साहित्य संघाचें नाट्यगृह, सन १९२० मध्यें लोकमान्यांस जेथें अग्नि दिला ती चौपाटी, हें सर्व पायीं फिरण्याच्या टप्प्यांत. त्यांत सन २०२५ च्या ऑक्टोबरांत भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली व गिरगांवासहि तिचें स्थानक मिळालें. सोय दारांत आली असतां दारच सोडून जावयाचें, हें मनास पटेना. मग आम्हीं एक सबळ कारण शोधून काढलें : वहिनींना या वयांत हलविणें बरें नव्हे. चोपन्न वर्षें ज्या चाळींत गेलीं ती सोडतांना त्यांना किती क्लेश होतील, असें आम्ही ज्यास त्यास सांगत असूं. वहिनींस मात्र आम्हीं विचारलें नव्हतें.

मुलांचा आग्रह पडला, तेव्हां निदान परीक्षा तरी करावी म्हणून डोंबिवली पूर्वेस, स्टेशनापासून पायीं दहा मिनिटांवर, दोन महिन्यांकरितां एक जागा भाड्यानें घेतली. महिने मुद्दाम आषाढ व श्रावण निवडले. हिंवाळ्यांतल्या रविवारीं कोणतेंहि उपनगर रमणीय दिसतें; पावसाळ्यांतल्या सोमवारीं तें कसें दिसतें, हें पाहिलें पाहिजे.

चाणक्यनीतींत निवासयोग्य स्थळाच्या पांच खुणा सांगितल्या आहेत : धनिक, श्रोत्रिय, राजा, नदी व वैद्य. शाळेंत शिकवितांना या पांचांचा अर्थ आम्हीं अनेक वेळां सांगितला. स्वतःच्या घरासाठीं त्यांचा उपयोग करण्याची वेळ प्रथमच आली.

धनिक म्हणजे आजच्या अर्थानें उपजीविकेचें साधन. डोंबिवलीस औद्योगिक वसाहत आहे. परंतु सकाळीं स्टेशनावर उभें राहिलें म्हणजे गांवाची उपजीविका कोणत्या दिशेस आहे हें निराळें सांगावें लागत नाहीं. मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस येथून सुमारें ४८ किलोमीटर. जलद गाडीसहि तासाहून अधिक वेळ लागतो. घरापासून कचेरीपर्यंतचा हिशेब धरला तर थोरल्याचे जाण्यायेण्यांत रोज साडेतीन तास जात. गर्दी तर अशी कीं, ता. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ दारांत लोंबकळणारे प्रवासी चालत्या गाड्यांतून खालीं पडले व त्यांतील कांहीं प्राणांस मुकले, ही गोष्ट विसरूं म्हटलें तरी विसरतां येत नाहीं. औद्योगिक वसाहतीचीहि दुसरी बाजू आहे. तेथील रासायनिक कारखान्यांत ता. २६ मे २०१६ व ता. २३ मे २०२४ रोजीं मोठे स्फोट होऊन जीवितहानि झाली. म्हणून कारखान्यांच्या लगतचें घर कितीहि स्वस्त असलें तरी पहावयाचें नाहीं, असें आम्हीं ठरविलें.

श्रोत्रियांच्या बाबतींत डोंबिवली दरिद्री नाहीं. पु. भा. भावे व शं. ना. नवरे हे लेखक येथेंच राहिले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सन २०१७ च्या फेब्रुवारींत येथें भरलें. गुढीपाडव्याची जी स्वागतयात्रा आज ठिकठिकाणीं निघते तिचा आरंभ सन १९९९ मध्यें येथें झाला. फडके रस्त्यावर गणपतीच्या देवळापाशीं दिवाळीच्या पहांटे तरुण मंडळी जमतात, हें तर सर्वश्रुतच आहे. नातवाच्या शाळेसाठीं रिक्षा करावी लागणार नाहीं, ही आमच्या दृष्टीनें त्याहून मोठी गोष्ट.

राजा म्हणजे नगरव्यवस्था. येथें सन १९८३ पासून कल्याण-डोंबिवली महानगरपालिका आहे. घर घेणाऱ्यानें या खुणेकडे विशेष सावधपणें पहावें. खोट्या परवानग्यांच्या आधारें येथें उभ्या राहिलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश सन २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें दिला. त्या प्रकरणांत महारेराची नोंदणीहि बनावट कागदांवर मिळविलेली होती. तेव्हां नोंदणीचा क्रमांक पाहून स्वस्थ बसूं नये. बांधकामाचा परवाना व भोगवटा प्रमाणपत्र यांची महापालिकेच्या कचेरींत जाऊन खातरजमा करावी व सर्व कागद स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्यावे. विकणारानें सुचविलेला वकील या कामीं उपयोगाचा नाहीं.

नदी उल्हास. पाणी ती देते आणि पावसाळ्यांत भयहि तीच देते. ता. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यांत अडकली, तें पाणी याच नदीचें. म्हणून नळास पाणी किती वेळ येतें हें जसें विचारलें, तसेंच मुसळधार पावसांत जिन्याखालीं पाणी कोठवर येतें हें खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडकरूंस विचारलें. विकणाऱ्यापेक्षां खालचा बिऱ्हाडकरू अधिक खरें सांगतो. वैद्यांची वाण नाहीं. तरी एके रात्रीं अकरा वाजतां रिक्षा करून जवळच्या रुग्णालयापर्यंत किती मिनिटें लागतात हें आम्हीं प्रत्यक्ष पाहून घेतलें.

पांचहि खुणांचा ताळेबंद असा जवळजवळ बरोबरीचा झाला. निर्णय कांहीं होईना. तो झाला तो वहिनींच्या एका वाक्यानें.

वहिनी सूर्यास्तानंतर पाणी पीत नसत. गेलीं नऊदहा वर्षें आम्ही तो त्यांचा नेम समजत होतों. पाहुण्यांसहि तसें कौतुकानें सांगत होतों. डोंबिवलीस गेल्यावर चारपांच दिवसांनीं, रात्रीं जेवतांना त्यांनीं तांब्या पुढें ओढून घेतला व पेलाभर पाणी प्यालें. सून म्हणाली, “काकू, तुमचा नेम मोडला.” त्या हंसून आमच्याकडे वळल्या व म्हणाल्या, “भाऊजी, नेम कसला ! चाळीचा संडास गॅलरीच्या टोंकास. गुडघे धरल्यापासून रात्रीं तिथवर जायचं म्हणजे कुणाला तरी उठवावं लागे. पाणीच प्यालं नाहीं म्हणजे प्रश्न मिटला. इथं दार घरांतच आहे.”

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. ज्यांच्या क्लेशांचें निमित्त करून आम्ही गिरगांवास चिकटून बसलों होतों, त्या आमच्या शेजारच्या खोलींत नऊदहा वर्षें तहानेल्या निजत होत्या. गिरगांवचें वैभव आम्ही पायीं फिरून भोगीत होतों. त्याची किंमत गॅलरीच्या टोंकापर्यंत ज्यांना चालवत नाहीं त्या देत होत्या. दुसऱ्या दिवशीं प्रथमच आम्हीं त्यांस विचारलें, “वहिनी, तुमचें म्हणणें काय ?” त्यांनीं सांगितलें तें असें : संडास घरांत असावा. जिना चढावा लागूं नये किंवा लिफ्ट असावी. आणि दुपारीं बोलावयास कोणी तरी असावें.

हें तिसरें मात्र डोंबिवलीस सहज मिळालें नव्हतें. चाळींत दार बंद म्हणजे घरांत कोणी आजारी आहे असें समजतात. येथें दार बंद हीच रीत. मुलें कामास, नातू शाळेंत, आम्ही वाचनालयांत. पहिले आठदहा दिवस वहिनींनीं बंद दाराकडे पाहून काढले. मग त्यांनीं आपण होऊनच दार उघडें टाकलें व उंबऱ्याशीं पाट घेऊन भाजी निवडावयास बसूं लागल्या. श्रावणांतल्या पहिल्या मंगळवारीं समोरच्या बिऱ्हाडांतील नवी सून मंगळागौरीची तयारी विचारावयास आली; पुढें दुपारीं दोघीतिघी येऊं लागल्या. चाणक्यनीतींतल्या पांचांस आम्ही आतां शेजार ही सहावी खूण जोडतों. मात्र पहिल्या पांच खुणा स्थळांत पहावयाच्या असतात, आणि ही सहावी पुष्कळशी आपणच निर्माण करावयाची असते.

तरी या सुखाचा भार कोणावर पडतो, हें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. तो थोरल्यावर पडतो. तो साडेनऊस घरीं येई तेव्हां नातू निजलेला असे. आम्हीं त्यास बसवून स्पष्ट विचारलें. तो क्षणभर थांबून म्हणाला, “बाबा, माझे साडेतीन तास जातील, हें खरं. पण काकूंनीं नऊ वर्षं सोसलं तें आम्हांला कळलंसुद्धां नाहीं. माझं निदान तुम्हां सर्वांस ठाऊक तरी आहे.”

एकत्र कुटुंबांत सुखदुःखाचे वांटे सारखे कधींच पडत नाहींत. एकाच्या सोयीसाठीं दुसऱ्यास झिजावें लागतें आणि त्यांत वाईट असें कांहीं नाहीं. वाईट एवढेंच कीं, झिजणाराची घरास दाद नसावी. म्हणून घरांत असें ठरलें आहे कीं, बाजार, बँक, बिलें, नातवाचा अभ्यास यांपैकीं कांहींहि थोरल्याकडे नाहीं; तीं कामें आम्हीं व धाकट्यानें वांटून घेतलीं. रविवार त्याचा व नातवाचा. फोर्टांतील कचेरीची ठाण्याकडे शाखा आहे, तेथें बदलीसाठीं त्यानें अर्ज केला आहे. तो मान्य होईल न होईल. न झाल्यास तीन वर्षांनीं सर्वांनीं पुन्हां बसून विचार करावयाचा, असाहि करार आहे.

आमच्यासारख्या पेंचांत असलेल्या वाचकांस आमचें सांगणें थोडकें आहे. जागा पावसाळ्यांत पहा. शक्य तर विकत घेण्यापूर्वीं भाड्यानें राहून पहा. कागद स्वतः तपासा. रोजचा प्रवास किलोमीटरांत न मोजतां मूल जागें असतांना बाप घरीं येतो कीं नाहीं, यानें मोजा. आणि या सर्वांच्या आधीं, घरांत जें माणूस कधींच कांहीं मागत नाहीं त्याजवळ बसून त्यास काय हवें तें विचारा. त्याच्या वतीनें आपणच उत्तर देण्याची संवय आम्हां पुरुषांस फार आहे, आणि तें उत्तर बहुधा आपल्याच सोयीचें असतें.

पागडीचा व्यवहार पुरा होत आला आहे. येत्या अक्षय्य तृतीयेस आम्ही सर्वजण डोंबिवलीस राहावयास जात आहों. गिरगांवांतून निघतांना वाईट वाटेल, तें आम्हांसच अधिक वाटेल. वहिनींनीं आपली बांधाबांध केव्हांच सुरू केली आहे.