रचलेल्या बोलींचे व्याकरण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विटा परिसरातली गलाई मंडळी सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभरच्या सराफ बाजारांत पांगली आहेत. सराफी-दलालीच्या जुन्या गोष्टी निघाल्या की नंदभाषेचा उल्लेख येतोच. गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायचा, पण त्याला आकडा कळू द्यायचा नाही, यासाठी व्यापाऱ्यांनी रचलेली ही बोली. अशा बोलींबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : नंदभाषा ही मराठीहून वेगळी भाषा आहे.
वस्तुस्थिती : तिचे खास शब्द मुख्यतः आकड्यांचे आणि पैशांचे. एक म्हणजे केवली, दोन अवारू, तीन उधानू, चार पोकू, पाच मुळू, दहा अंगुळू. बाकी वाक्य मराठीच. ‘मुळूला देऊन टाक’ असे म्हटले, तर सौदा चाललाय हे कुणालाही कळते. कितीला, एवढेच कळत नाही.

गैरसमज : रचलेल्या बोलीत नाम-विशेषण असा भेदच नसतो.
वस्तुस्थिती : ‘मुळू रुपये’ म्हटले की मुळू विशेषण, ‘मुळूला दिले’ म्हटले की नामासारखा. पण ‘पाच रुपये’ आणि ‘पाचाला दिले’ यांतही तेच घडते. शब्दाची जात वाक्यातल्या कामावरून ठरते, हे शाळेतलेच व्याकरण. सातासाठी तर नंदभाषेने ‘पवित्र’ हा शब्द घेतला आणि गुणविशेषणाला आकड्याच्या कामाला जुंपले. ही लवचीकता मुळात मराठीचीच.

गैरसमज : पोरांची ‘च’ची भाषा हाही तसलाच प्रकार.
वस्तुस्थिती : तिच्यात नवा शब्द एकही नाही. पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि पुढे ‘च’ लावायचा : विटा म्हणजे ‘चटावि’, पाणी म्हणजे ‘चणीपा’. ‘पाण्याला’चे मात्र ‘चण्यालापा’ होते, म्हणजे विभक्ती आधी लागते आणि उलटापालट नंतर. नंदभाषेत क्रम याच्या उलट : आधी शब्द बदलतो, मग त्याला प्रत्यय लागतो.

गैरसमज : नंदभाषा केवळ गिऱ्हाईक फसवण्यापुरती होती.
वस्तुस्थिती : संत नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावावर नंदभाषेतला एक अभंग सांगितला जातो. शंकराची पाच मुखे, तीन डोळे आणि दहा हात त्यात याच आकड्यांनी मोजले आहेत.

गैरसमज : माणसाने ठरवून रचलेल्या भाषेला स्वतःचे व्याकरण असूच शकत नाही.
वस्तुस्थिती : झामेनहॉफ यांनी 1887 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एस्पेरांतोला ते आहे. तिथे शेवटचा स्वर शब्दाची जात सांगतो : नामाला ओ, विशेषणाला आ, क्रियाविशेषणाला ए, क्रियापदाच्या मूळ रूपाला ई. ‘पारोली’ म्हणजे बोलणे, ‘पारोलो’ म्हणजे बोल, ‘पारोला’ म्हणजे तोंडी. पण धातूचा मूळ स्वभाव तिथेही सुटत नाही. ‘मार्तेल’ हा धातूच वस्तूचा, म्हणून ‘मार्तेलो’ म्हणजे हातोडा आणि ‘मार्तेली’ म्हणजे हातोड्याने ठोकणे. ‘कोंब’ हा धातू मात्र क्रियेचा. ‘कोंबी’ म्हणजे विंचरणे, म्हणून ‘कोंबो’ म्हणजे फणी नव्हे, तर विंचरण्याची क्रिया. फणी हवी असेल, तर साधनवाचक ‘इल’ घालून ‘कोंबिलो’च म्हणावे लागते.