कापलेल्या कोंबडीत विषाणू वाढत नाही

फेब्रुवारी २०२२मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला. एक किलोमीटरच्या परिसरातल्या सुमारे २५ हजार कोंबड्या मारायचं ठरलं. तेव्हापासून एक वाक्य शहापूर-मुरबाडकडे कानावर येतंच आहे: फ्रिजमधल्या चिकनमध्ये विषाणू रातोरात दुप्पट होतो.

दुप्पट व्हायला तो काय जिवाणू आहे? फ्लूच्या विषाणूकडे आरएनएचे आठ तुकडे आणि थोडी प्रथिनं असतात. स्वतःचा आरएनए कापायची कात्रीसुद्धा त्याच्याकडे नाही. ती पेशीची वापरावी लागते. सातव्या तुकड्यावरून निघालेला आरएनए अख्खा वाचला तर एम१ प्रथिन बनतं. त्याचाच मधला भाग कापून टोकं जोडली, की एम२. हे स्प्लायसिंग. १९७७ साली ते पहिल्यांदा दिसलं तेही अडेनोव्हायरस या विषाणूत. रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांना त्यासाठी १९९३चं नोबेल मिळालं.

एम१ हे विषाणूच्या आवरणाचं आतलं अस्तर. एम२ नसेल तर पेशीत शिरल्यावर आतला ऐवज नीट मोकळा होत नाही. दोन्ही हवीत, तीही योग्य प्रमाणात. हे प्रमाण राखण्यात पेशीच्या प्रथिनांचा मोठा वाटा असतो. खरं वाटत नसेल तर 'प्लॉस पॅथोजेन्स'मधला २०१३चा शोधनिबंध काढून बघा. एचएनआरएनपी-के आणि एनएस१-बीपी ही पेशीतली प्रथिनं कमी केल्यावर एम२ घटलं, विषाणूची वाढही मंदावली. हे सगळं चालतं जिवंत पेशीच्या केंद्रकात. फ्रिजमधल्या तंगडीत कुठली आलीय जिवंत पेशी?

मात्र वाढणं वेगळं आणि टिकणं वेगळं. थंडीत विषाणू टिकून राहतो, फ्रिज त्याला मारत नाही. म्हणून कच्च्या मांसाला हात लावल्यावर साबणानं धुवायचे आणि मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला शिजवायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपला रटरटता रस्सा त्याच्या बराच वर जातो.

'स्प्लायसिंग म्हणजे विषाणूनं रूप बदललं' हेही चूक. मूळ जनुक तेच राहतं, बदलते ती त्याची प्रत. बर्ड फ्लूवर अँटिबायोटिक चालत नाही; ते जिवाणूंसाठी. आणि गावठी कोंबडीला हा रोग होत नाही, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तरी ऐकू नका. परसातल्या दोन-चार कोंबड्या अचानक मेल्या, तर त्या कापायला घेऊ नका, उघड्या हातानं उचलू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.