आपलाच दवाखाना

परवा सिस्टर गेल्या. गेल्या म्हणजे वारल्या नव्हेत. पत्र्याची एक पेटी, खांद्याला पिशवी आणि गुडघ्याला पट्टा, एवढ्या सामानानिशी बल्लारशाहला केरळ एक्स्प्रेसमध्ये बसल्या. 1979 साली वणीकडच्या आमच्या भागात आल्या तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. आता सत्तरीत संस्थेनं त्यांना म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी बोलावून घेतलं. त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना आधीच बंद पडला होता. केरळातल्या पोरी आता नन व्हायला पूर्वीसारख्या पुढे येत नाहीत. नर्स होतात आणि थेट आखाती देशांत नाहीतर आयर्लंडला जातात. त्यांचं काही चुकतं असं नाही. आमचीही पोरं पुण्याला गेली, ती कुठे परत आली?

मला लागलं ते वेगळंच. त्यांना सोडायला निघालो, तर स्टँडसमोर नागपूरच्या एका दवाखान्याचं भलंमोठं होर्डिंग. त्यावर हात जोडून हसणारा एक सिनेनट. सिस्टरांनी चष्मा वर करून ते नीट पाहिलं आणि विचारलं, ‘‘हा तिथं कायचा पेशंट होता जी?’’

कशाचाच नव्हता. उद्घाटनाला आला होता.

मोठे लोक कुठे ॲडमिट होतात त्यावरून दवाखान्याची पत ठरवायची खोड आपल्याकडे जुनी आहे. खरं सांगायचं तर मला ती सिस्टरांनीच लावली, पण त्यांच्या तऱ्हेने. 1981 च्या मे महिन्यात रोमला पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सिस्टरांकडे एक मर्फी रेडिओ होता, त्यावर बातमी आली. आम्हा पोरांना पोप म्हणजे काय हेही धड ठाऊक नव्हतं. कुणीतरी ‘शंकराचार्यासारखा’ असं सांगितलं आणि विषय मिटला. जेमेली नावाच्या दवाखान्यात पाच तासांच्या वर ऑपरेशन चाललं होतं. सिस्टर दारातल्या कोलाम बायांना सांगत होत्या, ‘‘वाचते तो. आपलाच दवाखाना हाये तो.’’

वणीपासून रोमपर्यंतचा तो ‘आपला’ मला फार आवडला. फ्रान्सिस्कन फादर आगोस्तिनो जेमेली यांच्या नावाचं, कॅथलिक विद्यापीठाचं ते रुग्णालय 1964 साली सुरू झालं. त्याच्या दहाव्या मजल्यावर पोपसाठी खोल्या राखून ठेवलेल्या असतात. जॉन पॉल पुढे तिथे इतक्यांदा गेले की ते गमतीनं त्याला तिसरं व्हॅटिकन म्हणायला लागले. इकडे आमच्या ‘आपल्या’ दवाखान्यात राखीव असं एकच होतं, सापाच्या औषधाचा डबा. हाफकिन संस्थेचा तो डबा सिस्टर कुलपात ठेवत. कापूस वेचायच्या दिवसांत रात्री-बेरात्री किल्ली शोधायला नको म्हणून ती किल्ली गळ्यातल्या क्रुसाशेजारीच अडकवलेली असे.

पुढच्याच वर्षी, 26 जुलै 1982 ला, बंगळूरला ‘कुली’च्या शूटिंगमध्ये अमिताभच्या पोटाला मार बसला. आम्ही दहावीत होतो आणि त्या दिवसांत अभ्यास कुणीच केला नाही. ‘लोकमत’ दुपारच्या बसनं यायचा. (मूळचा आमच्या यवतमाळचाच हा पेपर, 1952 साली साप्ताहिक म्हणून निघालेला. नागपूरवाले हे सोयीस्कर विसरतात.) पानठेल्यावर एक जण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. अमिताभला आधी बंगळूरच्या सेंट फिलोमिना हॉस्पिटलात नेलं होतं. हे नाव ऐकलं आणि मी सायकल काढून सिस्टरांकडे पळालो.

‘‘सेंट फिलोमिना? मंग आपलाच दवाखाना हाये तो!’’

नंतर त्याला मुंबईला ब्रीच कँडीत हलवलं. 2 ऑगस्टला डॉक्टरांनी जवळजवळ आशा सोडली होती. इंदिरा गांधी भेटून आल्या. सिस्टरांना ब्रीच कँडीचं काही कौतुक नव्हतं. त्यांच्या मते खरा जीव बंगळूरच्या सिस्टरांनीच वाचवला होता, मुंबईवाल्यांनी नुसता नंतर पाहिला. दवाखान्यात मेरीच्या मूर्तीपुढे त्यांनी मेणबत्ती लावली, आणि समोरच्या मारुतीच्या देवळात आमच्या पोट्ट्यांनी नारळ फोडले. सप्टेंबरच्या शेवटी तो घरी गेला. या श्रेयाच्या वाटणीवरून आमच्यात आठवडाभर भांडण चाललं.

ऐंशीचं ते दशक मी हातातून सोडत नाही, कारण तेव्हा आमच्या जिल्ह्यात आजारी पडणं म्हणजे प्रवासाला निघणं होतं. यवतमाळचं मेडिकल कॉलेज 1989 चं, त्याआधी मोठं दुखणं म्हटलं की कळंब, देवळी करत वर्धा, आणि तिथून सेवाग्राम. पश्चिमेकडच्यांना मूर्तिजापूरची शकुंतला होती. एकशे तेरा किलोमीटरच्या नॅरोगेजवर वाफेच्या इंजिनानं ती अशी चालायची की वाटेत पेशंट बरा तरी व्हायचा नाहीतर मरायचा. 1994 च्या एप्रिलात त्या इंजिनाच्या जागी डिझेलचं आलं. आता गाडीही नाही आणि रूळही गवतात गेले आहेत.

म्हणून दोन खोल्यांच्या त्या दवाखान्याला किंमत होती. तिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, बाकीचे सहा दिवस सिस्टर. हिवताप, जुलाब, बाळंतपणं, बैलानं मारलेलं शिंग. पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या बाया यायच्या. त्यांची कोलामी सिस्टरांना कळेना, सिस्टरांची मल्याळी वळणाची वऱ्हाडी त्यांना कळेना, पण हातानं पोट चाचपलं की सगळं कळायचं. ‘‘सेवाग्रामले न्या’’ हे त्यांचं शेवटचं अस्त्र. ते निघालं की घरच्यांनी बैलबंडी जुंपायची.

आमच्या बोलीत नर्सला सिस्टरच म्हणतात, मग ती नन असो वा नसो. आमचे लोक कॅथलिक-प्रोटेस्टंट असा भेद करत नसत, सगळेच ‘मिशनवाले’. यवतमाळात 1953 पासून असलेलं युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 साली पुण्याला हललं, तेव्हा गावात बातमी पसरली की मिशनवाले चालले. लोक सिस्टरांना विचारायला आले. ते प्रोटेस्टंट होते, त्यांचा-आमचा संबंध नाही, हे समजावून सांगता सांगता सिस्टर घामाघूम झाल्या. शेवटी वैतागून म्हणाल्या, ‘‘मी कोठी नाही जात.’’ एवढंच लोकांना ऐकायचं होतं.

आता थोडा हिशोब. त्याच दशकात आमच्या गावातल्या एका पुढाऱ्याला साक्षात्कार झाला की सिस्टर औषधाच्या गोळीबरोबर धर्म देतात. स्टँडवर सभा झाली. भाषण लांबलं, कारण त्याला बोलायला आवडायचं. त्यानंतर पंधरा दिवसांत त्याच्या सुनेला रात्री दोनला कळा लागल्या आणि पुढाऱ्याची जीप दिवे मालवून दवाखान्याच्या मागच्या बाजूला उभी राहिली. मुलगी झाली. सिस्टरांनी पैसे घेतले, पुरेपूर घेतले, पावतीसुद्धा दिली. पुढच्या सभेत तो पावतीबद्दल काही बोलला नाही. आज तो हयात नाही, त्याची नात पुण्याला डेंटिस्ट आहे, आणि मी नाव लिहिणार नाही. पण विसरलोही नाही.

बाळंतपणावरून एक गोष्ट सिस्टरांनीच मला सांगितली होती. कित्येक शतकं ननना बाळंतपण करायची परवानगीच नव्हती, कारण व्रतस्थ बाईनं ते पाहायचं नाही. गुंटूरला 1920 साली आलेल्या मेरी ग्लाउरी या ऑस्ट्रेलियन डॉक्टरला नन म्हणून डॉक्टरकी करण्यासाठी खुद्द पोपची खास परवानगी लागली. पुढे 1943 साली त्यांनी भारतातल्या कॅथलिक दवाखान्यांची संघटना उभी केली. रावळपिंडीत पडद्यातल्या बाया पुरुष डॉक्टरला दाखवायच्या नाहीत म्हणून मरताना पाहिलेल्या ॲना डेंगेल या ऑस्ट्रियन डॉक्टरनं 1925 मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्सची स्थापना केली. रोमनं बंदी उठवली ती 1936 साली. मधली वर्षं पत्रव्यवहाराची आहेत, ती मी सोडतो. त्या पुढाऱ्याची नात जन्मली ती या परवानगीमुळे, एवढं सांगितलं की पुरे.

नव्वदचं दशक मला कंटाळवाणं वाटतं. सगळीकडे मार्बल आला. 1997 मध्ये वांद्र्याला लीलावती सुरू झालं आणि मोठ्या माणसांच्या आजारपणाचं मुंबईतलं ठाणं हळूहळू तिकडे सरकलं. वाजपेयींचे दोन्ही गुडघे 2000 आणि 2001 मध्ये ब्रीच कँडीत बदलले, तेव्हा टीव्हीवाले बाहेर मांडव घालून बसले होते. आमच्याकडे तोवर ‘पॅकेज’ हा शब्द आला होता. माझ्या वडिलांच्या वेळी मी नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो, तर डिपॉझिट भरायच्या खिडकीच्या वर नट, क्रिकेटपटू, मंत्री यांच्याबरोबर डॉक्टरांचे फ्रेम केलेले फोटो. रांगेत उभं राहून मी ते सगळे मोजले. अकरा. वडील वाचले, हे सांगायला हवं. बिलाबद्दल सांगत बसत नाही.

2017 च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं. कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा झाली, शेकडो शेतमजूर यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात भरती झाले, वीसहून जास्त माणसं गेली. कापूस डोक्यापेक्षा उंच वाढलेला, अंगावर ना मास्क ना हातमोजे, वाऱ्याच्या उलट फवारणी, पोटात फक्त चहा. काहींच्या डोळ्यांपुढे अंधार झाला होता. तेव्हा वॉर्डात नामवंत लोक भरपूर आले, भेटायला. सिस्टर त्या वेळी बासष्टच्या होत्या. त्याही एसटीनं गेल्या. कुणी ओळखलं नाही, मग एका पेशंटला पेजेचा वाडगा धरून बसून राहिल्या.

आणि मग 2021. जेझुइट फादर स्टॅन स्वामी झारखंडच्या आदिवासींत आयुष्य घालवलेले, पार्किन्सनचे पेशंट. भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणात यूएपीए कायद्याखाली 2020 च्या ऑक्टोबरात रांचीहून अटक झाली, तेव्हा वय 83. आरोप त्यांना मान्य नव्हते. हातात पेला स्थिर राहत नव्हता म्हणून तळोजा तुरुंगातून स्ट्रॉ आणि सिपरसाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे पडद्यावर दिसले तेव्हा जे. जे. रुग्णालयात जायला त्यांनी नकार दिला. रांचीला आपल्या माणसांत जाऊ द्या, एवढंच मागितलं. 28 मेला न्यायालयानं त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलात हलवायला सांगितलं. उर्सुलाइन सिस्टर तो दवाखाना चालवतात. तिथे कोरोना झाल्याचं निघालं. 5 जुलैला जामिनाची सुनावणी चालू असतानाच दवाखान्याच्या डॉक्टरांनी न्यायालयाला सांगितलं की ते दुपारी गेले.

त्या संध्याकाळी मी सिस्टरांकडे बसलो होतो. टीव्हीवर होली फॅमिलीचं फाटक दिसत होतं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘आपलाच दवाखाना हाये तो.’’

1982 सालचं वाक्य, पण त्यात मेणबत्ती नव्हती. नामवंत पेशंट तर तोही होता, पण त्याच्यासाठी नारळ कुणी फोडले नव्हते. शेवटी आपल्या लोकांच्या हातात होता, असं त्यांना म्हणायचं होतं की आपल्याच लोकांच्या हातातही राहिला नाही, असं, मी विचारलं नाही.

2025 च्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस जेमेलीत गेले. अडतीस दिवस होते. सिस्टर मोबाइलवर रोजचं बुलेटिन ऐकायच्या. बाहेर जॉन पॉलच्या पुतळ्याखाली लोक मेणबत्त्या लावत होते, तो व्हिडिओ त्यांनी मला तीनदा दाखवला. फ्रान्सिस बरे होऊन घरी गेले आणि महिनाभरात, 21 एप्रिलला वारले. त्याच सुमारास सिस्टरांना त्यांच्या संस्थेचं पत्र आलं.

पेटी बांधताना बाळंतपणाची जुनी वही सापडली. 1982 च्या पावसाळ्यापासून पुढच्या दिवाळीपर्यंतच्या पानांवर, नंतर पेन्सिलनं लिहिलेल्या नावांत, तीन अमिताभ आहेत. एक पोडावरचा. एक वारला. तिसरा काळी-पिवळी चालवतो.

त्यालाच बोलावलं. बल्लारशाहपर्यंत साठेक किलोमीटर, वाटेत दोनदा थांबलो. सिस्टरांनी पाकीट काढलं तर तो म्हणाला, ‘‘काहून पैसे काढता शिस्टर? तुमच्या हातचा हावो मी.’’ गाडी सुटेपर्यंत प्लॅटफॉर्मवर उभा राहिला, खिडकीतून पाण्याची बाटली दिली.

परतीचे पैसे मात्र त्यानं माझ्याकडून घेतले. डिझेलचा भाव सांगून, दोन्हीकडचे.