देशाचे दिवाळे निघते तेव्हा

१९७९ साली रुमानियाने झांबियाला ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रे घेण्यासाठी सुमारे दीड कोटी डॉलरचे कर्ज दिले. पुढे तांब्याचे भाव पडले आणि तांब्यावरच जगणाऱ्या झांबियाचे हप्ते थकले. १९९९ मध्ये रुमानियाने ही थकबाकी 'डोनेगल इंटरनॅशनल' या कंपनीला सुमारे ३३ लाख डॉलरना विकून टाकली. या कंपनीने व्याज आणि दंड धरून साडेपाच कोटी डॉलरचा दावा लंडनच्या न्यायालयात लावला. २००७ मध्ये न्यायालयाने तिला सुमारे १ कोटी ५५ लाख डॉलर मंजूर केले. न्यायाधीशांनी कंपनीच्या वर्तनावर टीका केली, पण करार कायदेशीर असल्याने पैसे द्यावेच लागणार होते.

त्याच सुमारास जगभरातील सरकारे आणि संस्था झांबियाचे कर्ज माफ करत होत्या. एका बाजूने सूट मिळत होती आणि दुसऱ्या बाजूने भाव देऊन घेतलेल्या जुन्या कागदावर वसुली चालू होती. हे शक्य होते याचे कारण साधे आहे. कंपनीचे दिवाळे निघाले तर त्यासाठी कायदा असतो. भारतात २०१६ चा दिवाळखोरी कायदा आहे. न्यायाधिकरण दावे थांबवते, सगळ्या धनकोंना एका टेबलाभोवती आणते आणि बहुमताचा निर्णय सर्वांवर बंधनकारक करते. देशाचे दिवाळे निघाले तर असे न्यायाधिकरण जगात कुठेही नाही. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या तेव्हाच्या उपप्रमुख ॲन क्रूगर यांनी तशी यंत्रणा सुचवली होती. अमेरिकेच्या विरोधामुळे ती २००३ मध्ये बारगळली.

कायदा नसला की व्यवहार उरतो, आणि व्यवहारात ज्याची त्याची पत चालते. म्हणून कर्ज थकले की श्रीमंत, मधल्या आणि गरीब देशांच्या वाट्याला तीन वेगवेगळे न्याय येतात.

गरिबांची पायरी

गरीब देशाला बाजारात कोणी उधार देत नाही. त्याचे धनको म्हणजे जागतिक बँक, नाणेनिधी आणि श्रीमंत सरकारे. या सरकारांचा गट १९५६ पासून पॅरिसमध्ये बसतो, म्हणून त्याला पॅरिस क्लब म्हणतात. १९९६ मध्ये अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठी सवलतीची योजना निघाली आणि २००५ मध्ये तिला बहुपक्षीय कर्जमाफीची जोड मिळाली. झांबियाचे परदेशी कर्ज सुमारे ७ अब्ज डॉलरवरून १ अब्जाच्याही खाली आले. २००६ मध्ये तिथल्या सरकारने ग्रामीण दवाखान्यांतील शुल्क रद्द केले. हप्त्यांचा बोजा हलका झाला की पैसा दवाखान्याकडे वळवता येतो, हे त्यातून दिसले.

मग २०११ मध्ये जागतिक बँकेने झांबियाला 'निम्न-मध्यम उत्पन्न' गटात बसवले. पत सुधारली, बाजार उघडला. २०१२, २०१४ आणि २०१५ मध्ये मिळून झांबियाने ३ अब्ज डॉलरचे रोखे विकले. चीनकडून रस्ते आणि वीज प्रकल्पांसाठी मोठी कर्जे घेतली. निर्यातीचा सुमारे ७० टक्के भाग तांब्याचा आणि कर्ज मात्र डॉलरमध्ये, हा जुना पेच तसाच होता. तांबे उतरले, चलन घसरले, तेव्हा तोच हप्ता स्थानिक चलनात फुगला. नोव्हेंबर २०२० मध्ये सुमारे सव्वाचार कोटी डॉलरचे व्याज चुकवता न आल्याने झांबियाने हात वर केले.

त्याच महिन्यात जी-२० देशांनी 'समान चौकट' जाहीर केली होती. पॅरिस क्लबबरोबर चीन, भारत, सौदी अरेबिया अशा नव्या धनकोंनी एकत्र बसावे, ही तिची कल्पना. झांबियाने २०२१ च्या सुरुवातीला अर्ज केला. सरकारी धनकोंशी ६.३ अब्ज डॉलरबाबत तत्त्वतः समझोता झाला जून २०२३ मध्ये. त्यातले सुमारे ४.१ अब्ज चीनचे होते. मुद्दलाला कात्री लागली नाही. मुदत २०४३ पर्यंत लांबली आणि २०३७ पर्यंत व्याज १ टक्का ठरले. रोखेधारकांशी झालेला पहिला करार सरकारी धनकोंनी फेटाळला, कारण रोखेधारक पुरेशी सूट देत नव्हते. अखेर जून २०२४ मध्ये तो प्रश्न सुटला. अर्जापासून तीन वर्षांहून अधिक काळ गेला.

एवढा उशीर का? गावातल्या चार सावकारांचा विचार करा. ऋणको बुडाला आहे हे चौघांनाही माहीत आहे. पहिल्याने सूट दिली, तर वाचलेल्या पैशातून उरलेल्या तिघांची वसुली होईल. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो. नाणेनिधी धनकोंची हमी मिळाल्याशिवाय नवे कर्ज मंजूर करत नाही. आणि नाणेनिधीचा कार्यक्रम नसेल तर वाटाघाटींना आकडाच सापडत नाही. या कोंडीत जाणाऱ्या प्रत्येक महिन्याची किंमत तिथली शाळा, दवाखाना आणि महागाई सोसणारी माणसे मोजतात.

मधली पायरी

श्रीलंकेची गोष्ट आणखी अडचणीची. मध्यम उत्पन्नाचा देश झाल्यामुळे जागतिक बँकेची सवलतीची कर्जे २०१७ मध्ये बंद झाली. त्याआधीच, २००७ पासून, देश डॉलर रोख्यांकडे वळला होता. २०१९ मधली मोठी करकपात, पर्यटनाला बसलेला करोनाचा फटका, २०२१ मधली रासायनिक खतांची बंदी असे एकावर एक आघात होत गेले. यातले सगळेच बाहेरून आले नव्हते. १२ एप्रिल २०२२ रोजी श्रीलंकेने परदेशी कर्जफेड थांबवली.

'समान चौकट' फक्त गरीब देशांसाठी होती. श्रीलंका तिच्या यादीत नव्हती आणि श्रीमंतांकडे असते तशी पतही तिच्याकडे नव्हती. तिला स्वतःची बैठक स्वतः जमवावी लागली. भारत, जपान आणि फ्रान्स यांच्या सहअध्यक्षतेखाली धनकोंची समिती बसली, चीनने वेगळा करार केला. समितीशी करार जून २०२४ मध्ये झाला आणि रोख्यांची अदलाबदल डिसेंबर २०२४ मध्ये. देशांतर्गत कर्जाच्या पुनर्रचनेत बँकांना वगळले गेले, पण कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीकडील सरकारी रोख्यांवरचे व्याज कमी करण्यात आले. ज्याने सरकारला कधी कर्ज देतो आहोत असे मानलेही नव्हते, तो कामगारही असा धनकोंच्या रांगेत उभा राहिला.

वरची पायरी

ग्रीसचे कर्ज या दोघांपेक्षा कितीतरी मोठे होते. २०१० मध्ये युरोपीय देश आणि नाणेनिधीने त्याला ११० अब्ज युरोचे साहाय्य दिले, कारण ग्रीस कोसळला असता तर फ्रान्स-जर्मनीच्या बँकाही हादरल्या असत्या. मार्च २०१२ मध्ये खासगी रोखेधारकांच्या दर्शनी रकमेत ५३.५ टक्के कपात झाली. बहुतेक रोखे ग्रीसच्याच कायद्याखालचे होते. संसदेने कायदा बदलला आणि बहुसंख्य रोखेधारकांचा निर्णय सगळ्यांवर लागू केला. झांबियाचे रोखे इंग्लंडच्या आणि श्रीलंकेचे न्यूयॉर्कच्या कायद्याखाली होते. त्यांच्या संसदांना तिथला कायदा बदलण्याचा अधिकार नव्हता. ग्रीसच्या जनतेने निवृत्तिवेतन कपात आणि बेकारी सोसली, अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांशाने आक्रसली. पण सूट मिळायला तिला दारोदार फिरावे लागले नाही.

त्याच्याही वर जपान. त्याचे सरकारी कर्ज वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक आहे. तरीही तो बुडत नाही, कारण कर्ज येनमध्ये आहे आणि येन छापणारी बँक त्याची स्वतःची आहे. म्हणजे कर्ज किती यापेक्षा ते कोणत्या चलनात आणि कोणत्या कायद्याखाली घेतले, हे अनेकदा अधिक महत्त्वाचे ठरते.

सुधारणा कुठवर आली

नव्या रोख्यांत सामूहिक कृतीचे कलम असते. ठरावीक बहुमताने, बहुधा ७५ टक्क्यांनी, घेतलेला निर्णय उरलेल्यांना बांधतो. ब्रिटनने २०१० मध्ये कायदा करून सवलत योजनेतील देशांकडून डोनेगलसारखी वसुली रोखली. चक्रीवादळ आले तर हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा देणारे कलम बार्बाडोसने आपल्या रोख्यांत घातले. २०२३ मध्ये भारत जी-२० चा अध्यक्ष असताना सरकारे, बँका, रोखेधारक आणि कर्जबाजारी देश यांची जागतिक गोलमेज सुरू झाली. यातली प्रत्येक गोष्ट उपयोगाची आहे, पण तिची ताकद करारापुरती किंवा एका देशाच्या कायद्यापुरती आहे.

सूट सोपी केली तर देश बेफिकीर होतील आणि धनको व्याज वाढवतील, हा आक्षेप खोटा नाही. पण जोखमीचे म्हणून चढे व्याज घेणाऱ्याने ती जोखीम कधीतरी सोसायलाही हवी. कंपन्यांच्या बाबतीत हा न्याय आपण केव्हाच मान्य केला आहे.

भारताने या व्यवहाराच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. जुलै १९९१ मध्ये परकीय गंगाजळी आटली, तेव्हा रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी तारण ठेवण्यासाठी गेले आणि त्यावर सुमारे ४० कोटी डॉलर मिळाले. घरातले दागिने गहाण टाकल्याची ती बोच त्या पिढीला अजून आठवते. जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेच्या कर्जाबाबत नाणेनिधीला सर्वांत आधी हमी दिली ती भारताने. ती पहिली हमी मिळाल्यावर इतरांनाही पुढे यावे लागले, आणि मार्चमध्ये नाणेनिधीचे सुमारे ३ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर झाले. चार सावकारांपैकी एकाने आधी पाऊल टाकले तर काय होते, त्याचे हे उदाहरण. मात्र शेजाऱ्याच्या चांगुलपणावर व्यवस्था उभी राहत नाही. पुढच्या झांबियाला असा शेजारी असेलच असे नाही. त्याला नियम लागेल.